कॅमेरा वागवण्याची रीत

छायाचित्रणावर मराठीत जे लेखन होते त्यात भिंगांची चिकित्सा असते, प्रकाशाचे विवेचन असते, क्वचित सौंदर्यशास्त्राचा ऊहापोहही असतो. परंतु जो माणूस हिवाळ्यातल्या पहाटे तलावाच्या पाळीवर पाऊल ठेवतो आणि उन्हे चढेपर्यंत तिथून परतत नाही, त्याच्या त्या चार-पाच तासांत कॅमेरा प्रत्यक्ष डोळ्याला लागलेला असतो तो वेळ फार थोडा असतो, बाकीचा सर्व वेळ तो ते यंत्र अंगावर वागवीत असतो, आणि ते कसे वागवावे याविषयी त्याला कोणी चार शब्द सांगितलेले नसतात. नव्या कॅमेऱ्याच्या पेटीतून एक पट्टा निघतो, कारखानदाराचे नाव त्यावर ठळक अक्षरांत विणलेले असते, तो गळ्यात घालावयाचा असतो अशी सार्वत्रिक समजूत असते, आणि त्यामुळे दुपारपर्यंत मानेला जी रग लागते व खांदे जे भरून येतात, तो या छंदाचा अटळ कर मानून मुकाट्याने भरला जातो. हा कर अटळ नाही, असे माझे ठाम मत आहे. आणि ते मत घडण्यास भंडारा जिल्ह्याचा मुलूखच कारण झाला, कारण अंगावर ओझे वागवण्याची विद्या या मुलखात अजून रोजच्या व्यवहारातली आहे, आणि ती विद्या पाहत पाहत चालणाऱ्या माणसाला आपल्या गळ्यातला पट्टा चुकीच्या जागी आहे हे उमगल्यावाचून राहत नाही.

भंडारा हा तलावांचा जिल्हा. वैनगंगेच्या खोऱ्यातल्या या प्रदेशात कोहळी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधले, मालगुजारांनी, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांनी, ते राखले, आणि १९५१ साली मालगुजारी गेल्यावर ते सरकारदप्तरी माजी मालगुजारी तलाव म्हणून नोंदले गेले. लोक त्यांना थोडक्यात मामा तलाव म्हणतात. भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी अशा सातही तालुक्यांत हे तलाव विखुरलेले आहेत, त्यांच्या पाण्यावर धानाची शेती उभी आहे, आणि हिवाळ्यात त्याच पाण्यावर पाखरांची वस्ती होते. अडई आणि काणूक यांचे थवे, पाणवनस्पतींच्या पानांवरून चालणारे कमळपक्षी, जांभळ्या पाणकोंबड्या, उघड्या चोचीचे करकोचे, दूरदेशाहून येणारे पट्टकादंब हंस, आणि भाग्य असेल तर सारसाची जोडी. महाराष्ट्रात सारस आता प्रामुख्याने गोंदिया-भंडाऱ्याच्या या धानपट्ट्यातच उरला आहे, आणि गोंदियाची ‘सेवा’ ही संस्था वनखात्याच्या बरोबरीने त्याची गणना करीत आली आहे. ही सर्व संपदा पाहावयाची तर मोटार पाळीच्या पायथ्याशी सोडावी लागते. पुढची वाट बांध्यांमधल्या, म्हणजे धानाच्या खाचरांमधल्या, धुऱ्यांवरून जाते. धुरा वीतभर रुंद, एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला चिखल, आणि दव पडलेले असेल तर पाय कोणत्या क्षणी घसरेल याचा नेम नाही. अशा वाटेवर दोन्ही हात मोकळे हवेत, नजर पायाशी हवी, आणि अंगावरचे ओझे अंगाशी एकजीव झालेले हवे.

ते ओझे किती असते याचा तपशील दिला म्हणजे प्रश्नाचे स्वरूप ध्यानी येईल. पक्ष्यांची छायाचित्रे काढणाऱ्यांत बराच प्रचारात असलेला निकॉनचा डी ८५० हा कॅमेरा विद्युत्‌घट व कार्ड यांसह १००५ ग्रॅम भरतो, आणि त्याला लावण्याचे २०० ते ५०० मिलिमीटरचे भिंग त्याच्या कॉलरसह, म्हणजे ट्रायपॉडला जोडण्याच्या कड्यासह, २३०० ग्रॅम. म्हणजे सव्वातीन किलोंहून अधिक वजन एका पट्ट्याला टांगलेले असते. एवढे वजन हातात घेऊन दहा मिनिटे चालणे कोणालाही जड जाणार नाही. तेच मानेच्या मागच्या मणक्यांवर टांगून तीन तास चालणे ही वेगळी बाब आहे.

मग गळ्यात पट्टा घालण्याचा हा शिरस्ता आला कोठून? छायाचित्रणाच्या पहिल्या काळात हा प्रश्न उद्भवतच नव्हता. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी यांच्यासारखी आपली माणसे त्या विद्येत रमली, परंतु त्या काळचा कॅमेरा म्हणजे लाकडी पेटी, काचेच्या तावदानांचे गठ्ठे, रसायनांच्या बाटल्या आणि काळोखाचा तंबू असा संसार होता, आणि तो संसार हमालांच्या पाठीवर किंवा बैलगाडीतून चाले. सॅम्युअल बोर्न १८६३ साली सिमल्याहून हिमालयाच्या वाटेला लागला तेव्हा त्याच्याबरोबर तीसेक हमाल होते. छायाचित्र काढणाऱ्याच्या खांद्यावर काही नव्हते, जे होते ते दुसऱ्याच्या खांद्यावर होते, आणि त्या खांद्यांची हकीकत त्यांच्या बाजूने फारशी लिहिली गेली नाही.

१९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत लायका कॅमेरा लोकांपुढे आला आणि यंत्र एका माणसाच्या अंगावर आले. पण त्या पहिल्या लायकाच्या अंगाला पट्टा अडकवण्याची कडीसुद्धा नव्हती. त्याची चामड्याची म्यान होती आणि पट्टा त्या म्यानेला असे. कॅमेऱ्याच्या अंगाला कड्या आल्या त्या १९३३ च्या तिसऱ्या लायकाबरोबर. एवढे छोटे यंत्र कोटावरून गळ्यात अडकवले तर ते जाणवतही नसे, आणि त्या पट्ट्याचे कामही मर्यादित होते: हातून निसटले तर यंत्र जमिनीवर पडू नये. त्याच सुमारास, १९२९ साली, रोलायफ्लेक्स आला. त्याचा पट्टा मात्र यंत्राचाच एक भाग होता, कारण तो कॅमेरा पोटाशी धरून वरून पाहावयाचा, आणि गळ्यातला पट्टा हातांनी खाली ताणला म्हणजे कॅमेऱ्याची थरथर थांबे. पुढे आपल्या गावोगावच्या स्टुडिओवाल्यांनी याशिका हा त्याच घाटाचा कॅमेरा वापरून लग्ने आणि बारशी टिपली, बडोद्याच्या कारखान्यात तयार होणारा आग्फा क्लिक-थ्री मध्यमवर्गीय घरांत पोचला, आणि गळ्यात कॅमेरा ही छायाचित्रकाराची ओळख होऊन बसली. यंत्र पुढे दुप्पट-तिप्पट जड झाले, त्याला हातभर लांबीचे भिंग लागले, पट्टा मात्र अर्ध्या किलोच्या यंत्रासाठी योजलेल्या जागीच राहिला. सांभाळण्यासाठी केलेली तजवीज वाहण्यासाठी वापरली जाऊ लागली, आणि माझ्या समजुतीप्रमाणे सर्व दुखण्याचे मूळ येथे आहे.

मान ही ओझे पेलण्याची जागाच नाही असे मात्र नव्हे. मस्तकाचे पाच किलोंच्या आसपासचे वजन ती जन्मभर तोलते, परंतु ते वजन कण्याच्या सरळ रेषेत वरून खाली उतरत असते. गळ्यातला कॅमेरा त्या रेषेच्या पुढे टांगलेला असतो. तो मानेला पुढे ओढतो, मानेच्या मागचे स्नायू तिला मागे खेचून धरतात, आणि धुऱ्यावर चालताना नजर पायाशी ठेवण्यासाठी मान झुकवली की ही ओढाताण आणखी वाढते. केनेथ हन्सराज या शल्यचिकित्सकाने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या गणितानुसार मान साठ अंशांनी पुढे झुकली असता मस्तकाचे तेच वजन मणक्यांवर सुमारे सत्तावीस किलोंचा भार टाकते. ते गणित मोबाइलमध्ये मान घालून बसणाऱ्यांसाठी केलेले होते, पण त्यात सव्वातीन किलोंची आणखी एक ओढ मिळवून पाहिली म्हणजे संध्याकाळच्या डोकेदुखीचे कारण शोधण्यास दूर जावे लागत नाही.

दुसरी गोष्ट झोक्याची, आणि तिच्याकडे लोकांचे लक्ष त्याहून कमी जाते. टांगलेली वस्तू झोका घेते आणि त्या झोक्याचा काळ तिच्या वजनावर नसून टांगणीच्या लांबीवर असतो, हा लंबकाचा नियम शाळेत शिकवलेला असतो. छातीच्या वरच्या भागापासून बेंबीपर्यंत साधारण पस्तीस ते चाळीस सेंटीमीटर अंतर धरले, तर तेवढ्या लंबकाची एक येरझार सव्वा सेकंदाच्या आत-बाहेर पुरी होते. निवांत चालणारा माणूस मिनिटाला शंभराच्या सुमारास पावले टाकतो, म्हणजे उजव्या पावलापासून पुन्हा उजव्या पावलापर्यंत त्यालाही सव्वा सेकंदच लागतो. चालीचा काळ आणि झोक्याचा काळ एकमेकांशी असे जुळले की प्रत्येक पाऊल त्या झोक्याला नवा रेटा देत राहते. कॅमेरा पोटावर आपटू लागतो, माणूस एका हाताने तो धरून चालतो, आणि दोन्ही हात मोकळे ठेवण्याचा पट्ट्याचा हेतूच नाहीसा होतो. पट्टा चार बोटे आखूड करून कॅमेरा बरगड्यांशी टेकवला तरी झोका बराचसा मरतो, ही या लेखातली सर्वांत स्वस्त सूचना आहे.

आता याच मुलखातल्या ओझ्यांकडे पाहावे. धिवर समाजाची माणसे तलावातली मासळी कावडीने आणतात. शेतकरी धानाचे भारे कावडीने खळ्यावर पोचवतात. बांबूची चिरफळी, दोन टोकांना शिंकी, आणि मध्ये खांदा, एवढीच ती सामग्री. तिच्यात तीन गोष्टी एकवटलेल्या आहेत. ओझे दोन्ही बाजूंना सारखे असल्याने शरीर कोणत्याही एका अंगाला ओढले जात नाही. बांबू लवत असल्याने पावलाचा धक्का खांद्यावर एकदम बसत नाही. आणि चालता चालता, कावड खाली न ठेवता, ती मानेमागून फिरवून एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेता येते. १९९१ साली रॉजर क्रॅम या शरीरशास्त्रज्ञाने लवचीक दांड्यांवर ओझे घेऊन धावणाऱ्या माणसांची मोजमापे घेतली, तेव्हा असे आढळले की शरीराची शक्ती त्याने विशेष वाचत नाही, परंतु खांद्यावर बसणाऱ्या धक्क्यांचा कमाल जोर मात्र कमी होतो. मासळीची कावड घेऊन बाजार गाठणाऱ्या माणसाला नेमके तेच हवे असते. डोक्यावरच्या मोळीची गोष्ट आणखी निराळी. चुंबळ ठेवून तिच्यावर मोळी घेतलेल्या बायका रानातून गावाकडे येतात तेव्हा त्यांचे ओझे कण्याच्या सरळ रेषेत असते. पूर्व आफ्रिकेतल्या डोक्यावर ओझे वाहणाऱ्या स्त्रियांवर झालेल्या आणि १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले होते की स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंतचे ओझे त्या जवळजवळ काहीही जादा शक्ती न खर्चता नेतात. ही सवय लहानपणापासूनची असते आणि ती उसनी घेता येत नाही, हेही त्याबरोबर सांगितले पाहिजे. आणि त्या बायकांच्या मानेला त्रास होत नाही असा अर्थही त्यातून काढू नये. कष्टाचे काम कष्टाचेच असते. परंतु ज्यांना रोज ओझे वाहावे लागते त्यांनी ते शरीराच्या मध्यरेषेजवळ आणले, त्याचा झोका मोडला आणि त्याची जागा पालटत ठेवली, या तीन गोष्टी छंदासाठी ओझे वाहणाऱ्याने शिकून घेण्याजोग्या आहेत.

मध्यरेषेजवळ आणणे म्हणजे कॅमेऱ्याच्या बाबतीत काय? पट्टा गळ्यातून काढून तिरपा घालावा, एका खांद्यावरून छातीवर येऊन विरुद्ध बाजूच्या कमरेपर्यंत, जसा पोस्टमनचा झोळा असे. भार मानेच्या मणक्यांवरून निघून खांद्याच्या माथ्यावर येतो, कॅमेरा कटीच्या हाडाला टेकतो, आणि शरीराला टेकलेली वस्तू मोकळा झोका घेऊ शकत नाही. कॅमेरा नितंबाच्या किंचित मागे राहील इतका पट्टा लांब ठेवला तर वाकताना तो पुढे घरंगळून येत नाही. फार लांब ठेवला तर मांडीवर आपटतो आणि धुऱ्यावरच्या गवतात अडकतो. ठरावीक माप सांगता येत नाही, कारण अंगलोट सारखी नसते. परंतु हात सरळ खाली सोडला असता मनगटाच्या जरा वर कॅमेऱ्याची मूठ लागावी, म्हणजे पक्षी उडताच हात न शोधता तिथे जातो.

तिरपा पट्टा कोठे अडकवावा याविषयी हयगय फार होते. लांब भिंग लावलेले असताना पट्टा कॅमेऱ्याच्या वरच्या कड्यांना बांधला तर भिंगाचे दोन-सव्वादोन किलो वजन कॅमेरा आणि भिंग यांच्या सांध्यावर लोंबत राहते, आणि तो सांधा त्यासाठी केलेला नाही. पट्टा भिंगाच्या कॉलरच्या पायाला जोडावा. समतोल तिथे असतो आणि भिंगाचे तोंड आपोआप जमिनीकडे राहते. पायाच्या तळाला ट्रायपॉडचा स्क्रू बसण्याचे भोक असते, पाव इंच व्यासाचे, इंचाला वीस आट्यांचे, आणि जगभर हेच माप चालते, त्यामुळे एका कारखान्याचा पट्टा दुसऱ्याच्या भिंगाला बसतो. या स्क्रूचा एक दोष मात्र आहे. पट्टा चालताना वळतो, त्या वळण्याने स्क्रू दर पावलागणिक किंचित फिरत राहतो, आणि ते फिरणे उलट्या दिशेचे असेल तर तासाभरात आटे सुटू शकतात. रबराची चकती घालून घट्ट आवळणे, दर थोड्या वेळाने बोटाने चाचपणे, आणि स्क्रू सुटलाच तर कॅमेरा तोलून धरील अशी दुसरी बारीक दोरी वरच्या कडीतून पट्ट्याला बांधून ठेवणे, हा त्यावर इलाज. त्यातली दोरी कधीही गाळू नये.

पट्टा कशाचा असावा हा प्रश्न भंडाऱ्याच्या हवेत विशेष महत्त्वाचा होतो. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांवर जातो, रोवणीच्या दिवसांत हवा इतकी दमट असते की अंगावरचा घाम वाळत नाही. बाजारात सर्वत्र मिळणारा पट्टा निओप्रीन या कृत्रिम रबराचा असतो. तो मऊ लागतो, ताणतो, आणि दुकानात हातात धरून पाहिले असता वजन हलके झाल्याचा भास होतो. परंतु कावडीचा बांबू लांब असतो आणि संथ लवतो. हा रबराचा तुकडा हातभर असतो आणि त्याची उसळी पावलाच्या ठेक्याला फार जवळची असते, त्यामुळे धक्का शोषला जाण्याऐवजी कॅमेरा वरखाली नाचू लागतो, आणि त्या रबराखाली खांद्यावर घामोळे उठते. नायलॉनचा पट्टा टिकाऊ खरा, पण सदऱ्यावरून घसरतो. तिरप्या पट्ट्याला थोडे घसरणे उपकारक असते, कारण कॅमेरा डोळ्याकडे नेताना तो पट्ट्यासह सरकला पाहिजे, मात्र एका खांद्यावर नुसता अडकवलेला पट्टा घसरला तर कॅमेरा धुऱ्याखालच्या पाण्यात जातो. चामडे देखणे असते, वर्षे जातात तसतसे अंगाला जुळत जाते. पण घामातल्या क्षाराने ते ताठर होते आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी चढते, तेव्हा तेल-पाण्याची देखभाल करण्याची तयारी नसेल तर या मुलखात चामड्याच्या वाटेला जाऊ नये.

माझी पसंती नवारीला आहे. पलंग विणण्यासाठी घरोघर वापरली जाणारी जाड सुती नवार अजून बाजारपेठेच्या गावी मिळते. ती घाम टिपते, सुती सदऱ्यावर धरून बसते, धुतली की स्वच्छ होते, आणि तिच्या कडा मऊ असल्यामुळे मानेच्या कातडीला काचत नाहीत. रुंदीविषयी एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. पट्टा दुप्पट रुंद केला म्हणजे दाब निम्मा होतो, हे गणित सपाट पृष्ठभागावर खरे आहे. माणसाचा खांदा मानेकडून दंडाकडे उतरता असतो, त्यामुळे रुंद आणि ताठर पट्टा आपल्या सबंध रुंदीने त्याला टेकत नाही, मानेकडच्या एकाच कडेवर उभा राहतो आणि ती कड सुरीसारखी रुतते. म्हणून रुंदीहून पट्ट्याचे वळणे महत्त्वाचे. दोन-अडीच इंचांची नवार खांद्याच्या उतारावर वळते आणि आपली सर्व रुंदी कामी लावते. तिच्याखाली जुन्या सुती लुगड्याची चौपदरी घडी शिवून घेतली तर त्याहून जास्त गादीची आवश्यकता मला कधी भासली नाही.

नवारीला कड्या व बक्कल लागतात, आणि भंडारा हे पितळेचे शहर म्हणून प्रसिद्ध असल्यामुळे पितळी कडीचा मोह होतो. तेथल्या कारागिरीविषयी मला नितांत आदर आहे, आणि नवारीच्या मध्ये शोभेसाठी किंवा लांबी कमी-जास्त करण्यासाठी पितळी बक्कल उत्तम. परंतु पोलाद जेथे पोलादाला घासते, म्हणजे कॅमेऱ्याच्या अंगच्या कडीत जी कडी अडकते, तेथे पितळ घालू नये. ते पोलादाहून मऊ असल्यामुळे आतल्या बाजूने झिजत जाते आणि वरून पाहणाऱ्याला ती झीज दिसत नाही. तेथे पोलादाचीच दुहेरी कडी हवी, आणि तीही वर्षातून एकदा काढून भिंगाखाली पाहावी. शिलाईचे काम बसस्थानकाजवळच्या मोच्याकडे द्यावे. यंत्राच्या शिलाईत वरचा धागा आणि खालचा धागा एकमेकांत अडकवलेले असतात, एक टाका तुटला की पुढचे उसवू लागतात. मोची आरीने भोक पाडून दोन सुया समोरासमोरून एकाच भोकातून काढतो, तेव्हा एक धागा तुटला तरी दुसरा धरून राहतो. बैलाच्या म्होरकीला आणि पखालीला ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या टाके घातले, त्यांच्या हाताला सव्वातीन किलोंचे ओझे मामुली आहे. मेणाचा जाड दोरा वापरावा आणि टोकाला चौकोन घालून त्यात फुली मारावी, एवढे सांगितले की पुरे.

एकच कॅमेरा घेऊन पाखरांमागे हिंडणाऱ्यांची गोष्ट येथवर झाली. ज्यांचे पोट कॅमेऱ्यावर आहे त्यांची तऱ्हा निराळी असते. लग्नसराईत तुमसर-साकोलीकडचा छायाचित्रकार हळदीच्या सकाळपासून वरात उलगडेपर्यंत पायांवर उभा असतो, आणि त्याच्या अंगावर बहुधा दोन कॅमेरे असतात, एकाला आखूड भिंग, दुसऱ्याला लांब. दोन्ही गळ्यात घातले तर ते एकमेकांवर आदळतात, दोन्ही एकाच खांद्यावर घेतले तर कणा वाकडा होतो. त्याला दोन्ही खांद्यांवरून येणारी, पाठीवर जुळणारी पट्ट्यांची जोडी लागते, जिच्यात एक कॅमेरा उजव्या कमरेशी आणि दुसरा डाव्या कमरेशी राहतो. कावडीचा समतोल हाच. मात्र त्यातला एक कॅमेरा काढून हातात घेतला की दुसरा सर्व जोडी आपल्याकडे ओढून घेतो, म्हणून पाठीवरचा सांधा सरकता नसावा. स्त्री-छायाचित्रकारांनाही हीच जोडी अधिक मानवते, कारण तिरपा पट्टा छातीवरून जाताना काचतो आणि पदर किंवा ओढणी त्यात गुंतते. पुरुषांच्या अंगलोटीवर बेतलेली ही पट्ट्यांची मापे बहुतेक कारखानदारांनी इतकी वर्षे बदलली नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे.

भाऊबीजेपासून झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या मुलखात, मंडईचा म्हणजे गावजत्रांचा हंगाम सुरू होतो. दिवसा बाजार, रात्री दंडार हे लोकनाट्य किंवा नाटक, आणि मैदानावर पाय ठेवण्यास जागा नाही अशी गर्दी. अशा गर्दीत कमरेला लोंबणारा कॅमेरा लोकांच्या कोपरांना आणि लेकरांच्या डोक्यांना लागतो. तेथे पट्टा आखूड करून कॅमेरा छातीशी आणावा आणि त्यावर एक तळहात ठेवावा; तेवढ्या वेळापुरते गळ्यात घालणेही क्षम्य, कारण तास-दीड तासाने जागा पालटली की मान सुटते. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, दाणीजवळ (धावपट्टीजवळ) याच्या उलट. तेथे क्षणात बसावे आणि क्षणात बाजूला व्हावे लागते, बैलजोडी वाऱ्यासारखी येते, आणि मोकळा सोडलेला पट्टा कशात अडकला तर त्याची किंमत यंत्रापुरती मर्यादित राहणार नाही. अशा ठिकाणी पट्टा पूर्णपणे काढून कॅमेरा मनगटाच्या दोरीवर आणावा. म्हणून कोणताही पट्टा घेताना तो एका हाताने सुटतो की नाही, ही परीक्षा मी सर्वांत आधी करण्यास सांगेन.

राहता राहिले रान. तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातल्या नागझिऱ्याला व्यंकटेश माडगूळकर जाऊन राहिले आणि त्यांनी त्याच नावाचे पुस्तक लिहिले. मारुती चितमपल्ली नवेगावला वनाधिकारी होते. किरण पुरंदरे यांनी नागझिऱ्यात चारशे दिवस काढले. या सर्वांनी ते रान पायांनी जाणले. १९९९ साली गोंदिया जिल्हा वेगळा झाला, २०१३ साली कोका अभयारण्य झाले, आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात नवेगाव, नागझिरा व कोका मिळून व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. आज पर्यटक कोक्यात किंवा पिटेझरीच्या फाटकातून नागझिऱ्यात शिरतो तो उघड्या जिप्सीत बसून, आणि त्याने खाली उतरू नये असा स्पष्ट नियम आहे, जो योग्यच आहे. तेथे पट्ट्याचे काम संपते. उलट गाडी खाचखळग्यांतून उसळताना गळ्यातला कॅमेरा हनुवटीवर येतो आणि सीटच्या दांड्याला पट्टा अडकतो; तेव्हा फाटकातून आत जाताच पट्टा सोडवून पिशवीत टाकावा आणि कॅमेरा मांडीवर, कापडी उशीवर, ठेवावा. ही उशी रिकामीच घरून आणावी आणि मुक्कामाच्या गावी भरून घ्यावी. धानाच्या कोंड्याने ती हलकी राहते पण कॅमेऱ्याखाली दबते. लाखोळीची डाळ, जी इथे धानामागून निघणारे पीक आहे, जड असते, भिंगाच्या आकाराला वळते आणि जागची हलत नाही. परतताना ती डाळ सांडगे-वड्यांना उपयोगी पडते.

ज्यांना हे सर्व सोपस्कार नकोत त्यांच्यासाठी आणखी एक वाट आता खुली झाली आहे, ती वजनच कमी करण्याची. कॅननचा आर ७ हा आरसाविरहित कॅमेरा ६१२ ग्रॅमचा आणि त्याचे १०० ते ४०० मिलिमीटरचे हलके भिंग ६३५ ग्रॅमचे. दोन्ही मिळून सव्वा किलो. उजेड कमी असताना, म्हणजे पाखरे सर्वांत चपळ असतात त्या पहाटेच्या घटकेला, हे भिंग जड भिंगाची बरोबरी करू शकत नाही, ही त्याची उणीव खरी. परंतु साठी उलटलेल्या आणि मणक्याचा त्रास असलेल्या ज्या मंडळींनी गेल्या काही वर्षांत घरी बसणे पत्करले होते, त्यांना मी याच वजनाची शिफारस करतो, आणि ते तिरप्या नवारीवर घेऊन त्यांनी हिवाळ्यात एखाद्या मामा तलावाच्या पाळीवर यावे. पाळ रुंद असते, तिच्यावर बैलगाडी जाते, आणि धुऱ्यावर उतरण्याची सक्ती कोणावरही नाही.